खुनी कोण, ते सहाच्या बसमध्ये

आमच्या मामांइतके खुनी आळंद तालुक्यात कुणी पकडले नसतील, आणि त्यातला एकही खुनी त्यांनी पडद्यावर पकडला जाताना पाहिला नव्हता. कारण सहाची बस. आळंदच्या टॉकीजमधला तीनचा खेळ सव्वासहाला सुटायचा आणि आमच्या गावाची शेवटची बस सहाला निघायची. त्यामुळं रहस्यपट ऐन रंगात आला, सगळे संशयित एका खोलीत गोळा झाले, की आमच्या गावची पंधरा-वीस माणसं अंधारात चपला चाचपायला लागायची. उरलेली गोष्ट मामा बसमध्ये पुरी करत. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायच्या आधी विचारायचा, "मामा, कोण ठरला?"

मामांचे नियम पक्के होते. दारुडा, लंगडा आणि दाढीवाला माळी यांना ते सुरुवातीलाच निर्दोष सोडत. "ती संशयापुरती ठेवलेली माणसं हायत. जो लई गोड बोलायलाय, त्याच्यावर ध्यान ठेव." दार करकरलं की आधी मांजर निघणार, आणि एकदा मांजर निघालं की पुढच्या वेळी सुरा. हे शास्त्र ते घरातही लावत. माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलानं पत्ता लिहून देताना पेन डाव्या हातात धरलं, तर मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "डावखुरा हाय. त्यात सभ्य बी दिसायलाय. मला न्हाई पटत." तो मुलगा आज वीस वर्षं आमचा जावई आहे, पण मामा अजून त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत.

त्यांना विरोध करायच्या त्या फक्त मामी. मामींची एकच हौस होती, एकदा तरी शेवट बघायचा. "एक डाव आळंदातच मुक्काम करू की," त्या म्हणायच्या. "कामून? खुनी मला कळलाय की," मामा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

टॉकीज बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या सिनेमात मामांनी वकील खुनी ठरवला. मामी म्हणाल्या, "न्हाई. डॉक्टर. नाडी बघायच्या आधीच मेला म्हणला की त्यो!" सगळी बस हसली, कारण तो बिचारा डॉक्टर गरिबांना फुकट औषध देत होता. मामी मात्र पुढं कित्येक वर्षं भाकरी थापता थापता मधूनच म्हणायच्या, "डॉक्टरच." चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

मागच्या महिन्यात तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला, तसा मी तो मामांकडे घेऊन गेलो. संशयित खोलीत जमले आणि मामांचा पाय सवयीनं चपला शोधू लागला. "मामा, आता बस न्हाई," मी म्हणालो. ते बसून राहिले. दहा मिनिटांनी डॉक्टर पकडला गेला, आणि तोही नाडीवरूनच.

मला वाटलं, मामा आता सिनेमावाल्याची चूक काढतील. पण ते म्हणाले, "एक मुक्काम केला असता तर काय बिघडलं असतं रे?"

मामांनी मोबाइल माझ्यापुढं सरकवला आणि तेवढीच दहा मिनिटं परत लावायला सांगितली.