सात नंबरचा निरंक

सात नंबर वॉर्डाचा गेल्या महिन्याचा अहवाल माझ्या हातात होता. तारीख पाच, खाली गोडबोले सिस्टरांची सही. सात नंबर वॉर्ड चौदा महिने बंद आहे. गोडबोले सिस्टर आठ महिन्यांपूर्वी वारल्या. त्यांच्या घरी भेटायला मी स्वतः जाऊन आले होते.

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी मेडिकल रेकॉर्ड सांभाळते. रुग्णालयात काही चुकीचं घडलं, म्हणजे पेशंट पलंगावरून पडला, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला गेलं, तर त्याला आम्ही ‘अनुचित घटना’ म्हणतो. प्रत्येक वॉर्ड दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एका छापील फॉर्मवर अशा घटनांची संख्या पाठवतो. काही घडलं नसेल तर ‘निरंक’ लिहायचं.

त्या दिवशी सकाळी संसदेतला तारांकित प्रश्न आमच्यापर्यंत पोचला होता. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर बाकीचे खासदार पुरवणी प्रश्न विचारू शकतात. सरकारी रुग्णालयांत तीन वर्षांत किती अनुचित घटना नोंदल्या गेल्या, आणि जबाबदारी कोणावर निश्चित केली, असा प्रश्न होता. दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून आमच्याकडे. उत्तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत हवं होतं.

मी फायली काढून मोजायला बसले. बावीस वॉर्ड, छत्तीस महिने, म्हणजे सातशे ब्याण्णव फॉर्म. सगळे जागेवर होते. सातशे एक्क्याण्णव निरंक. एकाच फॉर्मवर ‘१’ होता, बारा नंबर वॉर्डाच्या. आणि सातशे ब्याण्णवांतला एकही उशिरा आलेला नव्हता. आमच्याकडे पगाराची स्लिपसुद्धा इतकी वेळेवर येत नाही. म्हणून मी फॉर्म पुन्हा एकेक करून पाहिले, आणि सात नंबरपाशी थांबले.

सही हुबेहूब त्यांचीच होती. शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके द्यायची त्यांची सवय मला माहीत होती. वॉर्ड बंद झाल्यानंतरचे चौदा फॉर्म मी टेबलावर ओळीने मांडले. त्यांतले आठ त्या गेल्यानंतरचे. ठिपके चौदाही फॉर्मांवर होते. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ओपीडीची गर्दी होती, तरी मी ते फॉर्म पालथे घातले.

तिसऱ्या मजल्याची किल्ली सुमनमावशींकडे असते. त्या सात नंबरच्या जुन्या आया. स्लॅब गळतो म्हणून वॉर्ड पंधरा दिवसांसाठी बंद केला होता, तो तसाच राहिला. मावशींनी कुलूप उघडलं. तीस पलंग, तीस गुंडाळलेल्या गाद्या. भिंतीवर ओल वर चढत गेलेली. आमच्या चपलांचा आवाज पलीकडच्या टोकाला जाऊन परत येत होता.

सिस्टरांच्या टेबलामागे पेशंट-कॉलचा बोर्ड आहे. पेशंटने उशाजवळचं बटण दाबलं की त्याच्या नंबरचा लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. एकोणीस नंबरचा दिवा लागलेला होता.

मी एकोणीस नंबरच्या पलंगाकडे पाहिलं. गादी गुंडाळलेली होती.

“भिंतीत पाणी गेलंय, त्यानं लागतो,” मावशी म्हणाल्या. “पावसाळ्यापासून लागलेलाच हाय.”

“आणि बझर?”

“त्याची वायर लई आधी काढलीय. वॉर्ड चालू होता तेव्हाच. सारखं वाजायचं, सिस्टर लोकांचं डोकं उठायचं.”

वॉर्ड भरलेला असताना तो दिवा असाच मुक्याने लागत असणार. पाठमोऱ्या बसलेल्या सिस्टरला तो दिसलाही नसेल. मला खुर्चीवर बसावंसं वाटलं, पण त्या खुर्चीवर बसवेना.

फॉर्म कोण पाठवतं, असं मी विचारलं. मावशींनी सहज ड्रॉवर उघडला. आत फॉर्मचं पॅड आणि तारखेचा शिक्का. पॅड पन्नास पानांचं. गोडबोले सिस्टरांनी रिटायर होण्याआधी दोन दुपारी बसून पन्नासही पानांवर निरंक लिहून सह्या करून ठेवल्या होत्या. वॉर्ड लगेच सुरू होणार होता, नव्या इनचार्ज येईपर्यंत कागद अडायला नको, म्हणून. पाच तारीख चुकवू नका, असं मावशींना सांगून त्या गेल्या. मावशींनी एकही चुकवली नव्हती.

“पण मावशी, सिस्टर तर गेल्या.”

“बाई गेल्या. कागद हायेत की अजून.”

मी मोजले. छत्तीस उरले होते. जे पेशंट अजून आजारीही पडलेले नाहीत, त्यांना पुढची तीन वर्षं काही होणार नाही, असं सही करून ठेवलेलं होतं.

खाली येऊन मी इतर वॉर्डांचे गठ्ठे पुन्हा पाहिले. सहा वॉर्डांत वर्षभराचं निरंक एकाच पेनाने, एकाच झोकात लिहिलेलं होतं. आधी ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

अधीक्षक साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अहो मॅडम, बंद वॉर्डात कोण पडणार? तो तर खरा निरंक आहे.”

“सर, खात्रीने खरा तेवढाच आहे.”

त्यांना तो विनोद वाटला नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. दिल्लीला ‘१’ हा आकडा गेला की तो एक कोण, हे विचारलं जाणार. तो एक म्हणजे बारा नंबरच्या वानखेडे सिस्टर. यवतमाळच्या, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि कंत्राटाचं नूतनीकरण त्याच महिन्यात. एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या पलंगांवर होत्या आणि एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलं गेलं. सिस्टरांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, पेशंटला सांगितलं आणि फॉर्मवर एक लिहिला. बाई बरी होऊन घरी गेली.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. नोंद नजरचुकीने झाली असं पत्र द्या, सगळ्यांचंच भलं होईल, असं अगदी समजुतीने सांगितलं. पत्र नाही दिलं तर नूतनीकरणाचं काय, हे ते बोलले नाहीत. सिस्टरांनी पदराची पिन काढून पुन्हा लावली.

“त्या बाईला मी सांगितलंय सर, की लिहून ठेवते म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता खोडू कशी?”

विचार करायला त्यांना सकाळपर्यंतचा वेळ मिळाला.

घरी वारज्याला जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. त्यांच्याकडेही असं रजिस्टर असतं, थोडक्यात टळलेल्या अपघातांचं. “आमच्याकडे एखाद्या शेडचं महिनाभर निरंक आलं तर साहेब स्वतः बघायला येतात,” ते म्हणाले. “त्यांना भीती वाटते.” आणि त्यांनी ताक मागितलं.

सकाळी मी उत्तराचा मसुदा केला. नोंदलेली घटना एक. बंद वॉर्डाचे चौदा फॉर्म वगळले. उरलेल्या सातशे अठ्ठ्याहत्तरांपैकी सातशे सत्त्याहत्तर निरंक, परंतु त्यांची पडताळणी झालेली नाही, आणि त्याचं कारण सोबत. सिस्टरांनी पत्र दिलं नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, माझी सही यावरच मिळेल. ते चिडले. पण दिल्लीहून कोणी सात नंबर बघायला आलं तर काय दाखवायचं, हा हिशेब त्यांनीही केला असावा. पावणेचारला त्यांनी सही केली.

प्रश्न सभागृहात येणार होता त्या दिवशी मी फोनवर संसदेचं कामकाज पाहत बसले. गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास संपला, आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं: माहिती संकलित करण्यात येत आहे. आमचा ‘१’ त्यात नव्हता आणि निरंकही नव्हते. विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून वानखेडे सिस्टरांचं कंत्राटही वाढलं, नऊ दिवस उशिरा. मधल्या नऊ दिवसांच्या पगाराचं कोणी बोललं नाही.

आधीच सह्या करून ठेवलेली सगळ्या वॉर्डांतली पॅडं मी जमा करून घेतली. पुढच्या पाच तारखेला एकवीसच फॉर्म यायला हवे होते. वेळेवर दहा आले, बाकीचे मागून. पाचांवर आकडे होते, एकूण नऊ. साहेबांनी मला बोलावून विचारलं, महिन्याभरात रुग्णालय इतकं कसं बिघडलं?

आकड्यांचे ते पाच फॉर्म नव्हे, बाकीचे सोळा निरंक मी हातात घेतले आणि एकेक वॉर्ड बघायला निघाले. माझे गुडघे दुखतात आणि आमची लिफ्ट भरवशाची नाही. तरी निरंक आला की आता मी जिना चढते. आकडा आला तर टेबलावर बसून वाचते.