पेढ्याच्या हातानं मोजलेली साखर

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी स्वतः फोन करून रद्द केलं, आणि तेही पेढ्याची साखर मोजून.

झालं असं, शेजारी शिर्डीहून आले आणि पेढ्यांचा पुडा देऊन गेले. मला डायबेटिस, त्यामुळे मी एक कणही तोंडात घातला नाही. नुसते पेढे कुस्करून बिल्डिंगभर वाटले आणि स्वतःच्या निग्रहावर खूश झालो. आमच्या घरात प्रसादाचा हात धूत नाहीत, डोक्यावरून फिरवतात. तसा फिरवला आणि त्याच बोटाला सुई टोचली. साखर मोजायचं घरचं मशीन म्हणालं, ३१८.

सकाळीच सावेडीतल्या लॅबनं १३२ लिहून दिलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं, साखर दोनशेच्या वर असेल तर डोळ्याला हात लावणार नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. माझं टाळकंच सरकलं. हे हरामखोर खोटा रिपोर्ट देणार आणि डोळा माझा जाणार. आधी दवाखान्याला फोन करून तारीख रद्द केली, मग बायकोला म्हणालो, स्कूटर काढ. मला समोरची एक रिक्षा दोन दिसत होती, म्हणून गाडी तिच्याकडे.

लॅबच्या काउंटरवर मी असा काही ओरडलो, की रक्त काढणारी मुलगी सुई हातात धरून थांबली.

"काका, एकशे बत्तीस उपाशीपोटीचं होतं. नंतर काय खाल्लं?"

"पोहे. पोह्यानं तीनशे होतात का?"

"आधी साबणानं हात धुवा."

"मी भांडायला आलोय, जेवायला नाही."

"ताई, आधी आमचं रगत काढा," बाकावरचे बाह्या सरसावलेले आजोबा म्हणाले. "आमी कवाधरनं उपाशी हाय. हे पोहे खाऊन आलेत."

हात धुतले. सोबत नेलेल्या माझ्याच मशीनवर १७१. तिनं शिरेतूनही रक्त घेतलं. तासभर धुमसत बसल्यावर त्याचा आकडा आला, १५८. मी पुन्हा उसळलो. "बघा, अजून जुळत नाही."

"तंतोतंत जुळणारही नाही. बोटातला थेंब वेगळा, शिरेतलं रक्त वेगळं, आणि घरचं मशीन थोडं इकडंतिकडं दाखवतंच. एवढा फरक चालतो. पण तीनशे दिसले, की हात धुऊन, पुसून परत मोजायचं. परत तेच आलं, तर डॉक्टरांना विचारायचं."

हे मशीनच्या कागदावर लिहिलंय म्हणे. लिहिलं असेल, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच छापलेलं. संताप संताप झाला. कागदावर झाला, मशीनवर झाला, आणि दुसरं कोणी उरलं नाही म्हणून शेवटी माझ्यावर.

तिथूनच दवाखान्याला फोन लावला. माझी जागा दुसऱ्याला दिली होती. आता तीन आठवड्यांनी.

बायको शाळेत शिकवते. माझ्या डोळ्यात थेंब घालायला तिनं हेडमास्तरांच्या विनवण्या करून आठ दिवसांची रजा काढली होती. लॅबबाहेर स्कूटरला किल्ली लावत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"रजा आता रद्द करशील ना?" मी विचारलं.

"नाही. तिसगावला माहेरी जाते. तुम्हाला अंधुक दिसतं, पण मला तुम्ही रोज अगदी स्वच्छ दिसता. आठ दिवस तरी नको."