न लावलेलं कार्ड

आमच्या टीव्ही केंद्राला नाव नव्हतं. कुवेतच्या फरवानिया भागातल्या आमच्या चार इमारतींमध्ये त्याला नुसतं 'गच्ची' म्हणत. "आज गच्चीवर काय?" असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ आज टीव्हीवर कोणतं नाटक लागणार आहे, एवढाच असे. केंद्र १९९०च्या सुरुवातीला सुरू झालं आणि त्याच वर्षी बंद पडलं. त्याला परवाना नव्हता. दोन रस्ते ओलांडले की चित्रात मुंग्या येत आणि तिसऱ्या रस्त्यावर काहीच दिसत नसे.

ते उभं केलं सरकारी इस्पितळातल्या एका तंत्रज्ञानं. तो मूळचा डोंबिवलीचा, एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायचा. एक व्हिडिओ प्लेअर, एक जुना कॅमेरा, मुंबईहून आणलेला बूस्टर आणि पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलेला अँटेना, एवढी सामग्री. आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, पंपाच्या खोलीत ती मांडलेली असे. कॅसेट तळमजल्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून येत. लायब्ररीचे मालक रत्नागिरीकडचे; सगळे त्यांना चाचा म्हणत. शुक्रवारी सकाळी नाटक, पाडव्याला आणि ईदला शुभेच्छा, बाकी दिवस सूचना.

सूचना माझ्याकडे होत्या. पुण्याच्या एका दैनिकात मी आठ वर्षं उपसंपादक होतो; कुवेतला शुऐबा बंदरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी करत होतो. इस्त्रीच्या शर्टात धोबी पांढरे पुठ्ठे घालून देतो, त्यांवर मी काळ्या मार्करनं सूचना लिहीत असे. कॅमेऱ्यासमोर एक तार ताणलेली होती. तिला दोन चिमट्यांनी कार्ड लावलं की ते चार इमारतींत दिसे. पाणी कधी जाणार, कुणाची किल्ली सापडली, कोणत्या दुकानात तूरडाळ आली. प्रत्येक कार्डाच्या मागे मी पेन्सिलीनं वार आणि वेळ टाकत असे. ती वर्तमानपत्रातली सवय होती.

समोरच्या, रस्त्यापलीकडच्या इमारतीत सांगलीकडची एक नर्स राहत होती. ती मला दादा म्हणे.

"दादा, तुमचं अक्षर म्हणजे छापखानाच की," ती एकदा जिन्यात म्हणाली होती. "आमच्या डॉक्टरांना शिकवा जरा. परवा गोळी वाचायची का गोळा, तेच कळेना."

चाचा म्हणत, "संपादक, आज पण तूरडाळच काय? कधीतरी खून-बिन लिवा. गिऱ्हाईक वाढेल."

ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. माझी बायको आणि मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी पुण्याला गेलेल्या होत्या. नर्सचा नवराही जुलैत गावी गेला होता, आईच्या ऑपरेशनसाठी. बाळंतपणाला ती सप्टेंबरात त्याच्यामागून जाणार होती. आता विमानतळ बंद होता.

पहिले काही दिवस गच्ची बंद राहिली. मग तंत्रज्ञानं ती पुन्हा सुरू केली. आवाज नाही, नाटक नाही, फक्त कार्डं. असं यंत्र घरात सापडलं तर काय होईल, हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्यालाही माहीत होतं, आणि तरीही तो रोज दोनदा पंपाच्या खोलीत जाऊन कार्ड बदलत होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यानं हे खोटं ठरत नाही.

कार्डांचा विषय आता एकच होता: लोकांनी विनाकारण रस्त्यावर येऊ नये. कोणत्या बेकरीत खुबूस रोटी मिळते, कोणत्या चौकात तपासणी आहे, देशाबाहेर नेणाऱ्या बसची यादी कुठवर आली. नर्सचा टीव्ही बिघडला होता आणि दुरुस्तीची दुकानं लुटली गेली होती. मी माझा टीव्ही तिला नेऊन दिला. कार्डं मीच लिहीत होतो, मला ती पडद्यावर पाहायची गरज नव्हती, असा माझा हिशेब होता.

"आणि बातम्या कशावर बघणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"बातम्या मीच लिहितो."

"म्हणजे स्वयंपाक्यानं उपाशी राहायचं," ती हसली.

बसची यादी भारतीयांच्या एका समितीनं केली होती. बस बसऱ्यावरून बगदादला आणि पुढं अम्मानला जायची. आधी आजारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं. आमच्या चार इमारतींतून सात नावं लागली. नर्स, जिला सातवा महिना लागला होता, एक हृदयरोगी टेलर, त्याची बायको, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला एक सुतार, तंत्रज्ञ आणि त्याची बायको, कारण तिला दम्याचा त्रास होता, आणि मी. मी आजारी नव्हतो. समितीच्या सूचना लिहिणाऱ्यांनाही यादीत घेतलं होतं आणि मी नाही म्हटलं नाही.

रविवारी दुपारी मी कार्ड लिहायला बसलो. 'बस सोमवारी' असं लिहिणार होतो. बातमीत 'आज' आणि 'उद्या' लिहायचं नाही, वार लिहायचा, हे आम्हांला दैनिकात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तंत्रज्ञ शेजारी उभा होता.

"अहो साहेब, वार कोणाच्या लक्षात आहे आता? ऑफिस नाही, सुट्टी नाही. उद्या लिहा, सरळ समजतं."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी लिहिलं: 'बस उद्या दुपारी दोनला, शाळेच्या फाटकातून. यादीतल्यांनीच यावे. आधी येऊन गर्दी करू नये.' त्यानं ते नेलं आणि लावलं.

संध्याकाळी साडेपाचला समितीचा माणूस येऊन सांगून गेला की प्रवासाच्या परवान्यावरची वेळ बदलली, बस सकाळी आठला सुटेल. मी दुसरं कार्ड लिहिलं. या वेळी वारासकट: 'बस सोमवारी सकाळी आठला. दुपारची वेळ रद्द.' मागे वेळ टाकली आणि तंत्रज्ञाच्या हातात दिलं.

"आत्ता लावतो," तो म्हणाला. "तुम्ही बॅग भरा. टेन्शन घेऊ नका."

वर्तमानपत्रात पहिली छापील प्रत डोळ्यांखालून गेल्याशिवाय उपसंपादक जागेवरून उठत नाही. माझ्याकडे प्रत पाहायला टीव्ही नव्हता, आणि शिपायांच्या नजरेत येऊ नये म्हणून तंत्रज्ञाशिवाय कुणी गच्चीवर जायचं नाही असं ठरलं होतं. समोरच्या इमारतीत जाऊन पाहता आलं असतं. पण कोपऱ्यावर सैनिक उभे होते, आणि लोकांनी रस्ता ओलांडू नये म्हणूनच आम्ही गच्ची चालवत होतो. मी बॅग भरली.

सोमवारी साडेसातला मी शाळेपाशी पोचलो. इतर वस्त्यांतली माणसं आली होती. आमच्या सातांपैकी मी, तंत्रज्ञ आणि त्याची बायको, असे तिघंच होतो. त्यांच्याबरोबर त्याचे दोन मेहुणे आणि त्यांच्या बायका उभ्या होत्या. ते यादीत नव्हते.

"सोडायला आलेत," तंत्रज्ञ म्हणाला.

सोडायला आलेल्यांजवळ चार बॅगा होत्या. ते मी पाहिलं.

पावणेआठला मी त्याला विचारलं, "नर्स कुठं आहे? टेलर?"

"कार्ड लावलं होतं, साहेब. मी स्वतः लावलं. आता लोकांनी बघायचंच नाही म्हटलं तर काय करणार?"

"मी जाऊन आणतो."

"कसे आणणार? चालत? ड्रायव्हर थांबेल?"

ड्रायव्हर थांबणार नव्हता. गाड्यांचा ताफा एकत्र निघायचा होता. समितीचा माणूस यादी घेऊन आला. गैरहजर राहील त्याची जागा हजर असेल त्याला, हा नियम होता, आणि नियम वापरण्याआधी तो एक प्रश्न विचारत असे. त्यानं तो मला विचारला, कारण सूचना माझ्याकडे होत्या.

"फरवानियात सगळ्यांना कळवलं होतं ना?"

मी म्हणालो, "कळवलं होतं."

त्यानं चार नावांवर रेघ मारली. दोन मेहुणे आणि त्यांच्या बायका बसमध्ये चढल्या.

प्रवास लांबला. सरहद्दीवरच्या छावणीत तंबू होते, पाण्याला रांग होती. तंत्रज्ञ माझं पाणी भरून आणायचा. माझ्या तापाला गोळ्या त्यानंच मिळवल्या. अम्मानच्या विमानतळावर धाकटा मेहुणा माझ्या पाया पडला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो साधा माणूस होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही तिथं 'कळवलं होतं' म्हणालात म्हणून आम्ही इथं उभे आहोत. भाऊजी म्हणालेच होते, साहेबांच्या शब्दाला किंमत आहे." त्याचे भाऊजी तेव्हा सामानाचा फॉर्म भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ते 'म्हणालेच होते' मी ऐकलं होतं. म्हणजे आधीच बोलणं झालं होतं. उपसंपादकाच्या कानाला ते खटकलं. मी काहीही विचारलं नाही. मला घरी जायचं होतं.

१९९१च्या पावसाळ्यानंतर कंपनीनं परत बोलावलं. तेलविहिरींचा धूर अजून होता. दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की काळं होई. मला जुनीच खोली मिळाली. खाली चाचांचं दुकान उघडं होतं. ते कुठंच गेले नव्हते. कपाटात कॅसेट मात्र उरल्या नव्हत्या.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि खणातून एक पुठ्ठा काढून समोर ठेवला. दुसरं कार्ड. मागे पेन्सिलीनं: रविवार, संध्याकाळी ५:३०.

"तुम्ही लोक गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी वर गेलो," चाचा म्हणाले. "म्हटलं कुणी शिपाई आला तर आपलीच मान. कॅमेरा चालू. समोर 'उद्या'वालं कार्ड लटकलेलं. आणि ह्ये खाली, टेबलाच्या मागं, भिंतीला टेकवून. पडलेलं नव्हं हां. टेकवून ठेवलेलं."

"चिमट्याची खूण?"

"चिमटा कुठला? ह्या कार्डाला तारच माहीत नाही." त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "चार माणसं, संपादक. सोमवारी दोनला शाळेत गेली. फाटक बंद. घरी आली, टीव्ही लावला, तर बस उद्या. मंगळवारी परत गेली. परत फाटक बंद. परत बस उद्या. ती पोरगी त्या पोटानिशी दोन वेळा गेली."

पुढची हकिगत थोडी आहे. टेलर आणि त्याची बायको पुढच्या महिन्यातल्या गाडीनं निघाले, सुतारही. नर्सला तोवर आठवा लागला होता. वाळवंटातून बसनं न्यायला कुणी तयार होईना. ती तिच्याच वॉर्डात बाळंत झाली. मुलगी झाली. बॉम्बफेकीच्या काळात ती तिला घेऊन इस्पितळाच्या तळघरात राहिली. नवऱ्याला कित्येक महिने दोघी जिवंत आहेत की नाही हे माहीत नव्हतं.

मी तंत्रज्ञाला पत्र लिहिलं. तो परत आला नव्हता. गावी केबलचा धंदा सुरू केला होता. पत्रात एकच प्रश्न होता: दुसरं कार्ड का लावलं नाही? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'सामान बांधायच्या गडबडीत राहून गेलं. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? तुम्हीसुद्धा त्याच बसनं आलात ना, साहेब.' त्याखाली लिहिलं होतं की कुवेतात शेवटच्या दिवसापर्यंत केंद्र चालवल्याबद्दल त्याच्या गावात त्याचा सत्कार झाला.

मग मी रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेलो. नर्सनं दार उघडलं. कडेवर मुलगी होती. नवरा परतला होता, आत पेपर वाचत होता.

"या साहेब," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

माझा टीव्ही खोलीत कोपऱ्यात होता, त्यावर क्रोशाचा रुमाल. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं पुढची बाजू वाचली, उलटं करून मागची वाचली. मुलगी पुठ्ठ्याला हात घालत होती. तिनं तो वर धरला. मी चाचांनी सांगितलेलं सांगितलं, तंत्रज्ञाच्या पत्राचं सांगितलं. शाळेपाशी 'कळवलं होतं' म्हणालो, तेही सांगितलं.

"अक्षर तुमचंच आहे," ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर मला वाटत होतं, तुम्हीच ते उद्याचं कार्ड तसंच ठेवून निघून गेलात."

"मी दुसरं लिहिलं होतं."

"ते दिसतंय की." तिनं कार्ड परत दिलं. "पण हे माझ्या हातात का नाही दिलंत? रस्ता तर एकच होता."

"गच्चीवर लागणार होतं."

"मला गच्ची काय ठाऊक? तो कॅमेरा, ती तार मी कधी बघितली पण नाही. मला तुमचं अक्षर ठाऊक होतं. दोन दिवस मी त्याच्यापुढं बसून होते."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला होता. तिनं टीव्हीवरचा रुमाल काढून घडी घातली.

"तुमचा टीव्ही घेऊन जा. चांगला चालतोय. आम्ही नवीन घेतोय."

मी नको म्हणालो. तिनं वायर काढून गुंडाळली आणि वर ठेवली. नवऱ्यानं जिन्यापर्यंत एका बाजूनं धरला, पुढं मी एकट्यानं नेला. कोपऱ्यावर आता कुणी उभं नव्हतं. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत, टीव्ही उचलून, मध्ये दोनदा टेकवून, मला सहा मिनिटं लागली.