डुलक्या घेणाऱ्यांच्या सुमतीबाई

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला उपासनेला नेलं. आपली ख्रिस्ती मंडळी तेव्हा एका शाळेच्या वर्गात जमत असे. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, नव्या घरच्या कामांनी मी दमलेली, आणि लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर माझी मान कधी कलली ते मला कळलंच नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या हातात आवळासुपारी ठेवली. वळून पाहिलं, तर पांढऱ्या सुती साडीतल्या, बारीक चणीच्या एक बाई गालातल्या गालात हसत होत्या. उपासना संपल्यावर म्हणाल्या, "लाजू नकोस गं. प्रभूला धरून नेलं त्या रात्री बागेत त्याचे खुद्द शिष्य झोपले होते. तिथे तुझी काय कथा!"

सुमतीबाई वाघमारे यांच्याशी माझी ही पहिली ओळख. यंदा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. बाईंना स्तुतीचं वावडं आहे, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा रागावल्या तर रागावू देत.

ठाण्याला नौपाड्यातल्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्त झाल्यापासून डोंबिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, पण एकट्या अशा कधी सापडत नाहीत. माझ्या धाकट्या लेकीला गोवर निघाला तेव्हा कोणी बोलावलेलं नसताना त्या सकाळीच पेजेचं पातेलं घेऊन हजर झाल्या. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "आधी तू आडवी हो. तापाचं मी बघते." लेक माझी, आणि भरदुपारी पाय ताणून झोपले मी! माहेरीसुद्धा इतकं निर्धास्त कोणी झोपू दिलं नसतं.

पण बाईंचं खरं काम प्रार्थनेचं, आणि तेही आपल्यासारख्यांसाठी. पुढच्या काही वर्षांत मंडळीला बरे दिवस आले. स्वतःचा हॉल झाला, डोक्यावर पंखे आले, बहुतेकांच्या नोकऱ्या कायम झाल्या. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या, तशी आपण उपासनेची वेळच पुढे ढकलली. नाताळच्या केकला पाय ठेवायला जागा नसे आणि बुधवारच्या प्रार्थनासभेला सतरंजी मोकळी पडे. देव आपलाच आहे, जातो कुठे, असा सगळा आनंद. बाईंच्या जिवाला हे लागे. बुधवारी त्या डोळे मिटून, कळवळून, एकेका कुटुंबाचं नाव मोठ्याने घेऊन प्रार्थना करत: प्रभू, अमक्यांना जागं कर, तमके कोमट झालेत, त्यांना पुन्हा ऊब दे.

याच सवयीतून एक गोष्ट घडली. ती लिहू का, असं मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तीच लिही. बाकी सगळं गाळलंस तरी चालेल."

ठाकुर्लीचे विलासराव आणि मीनाताई कित्येक रविवार दिसले नव्हते. बाईंनी बुधवारी त्यांचं नाव घेतलं, आणि विलासराव संसाराच्या मोहात गुंतलेत, त्यांचे डोळे उघड, अशी प्रार्थना केली. आम्ही मोठ्याने 'आमेन' म्हटलं. त्या आठवड्यात मंडळीतलंच कोणीतरी विलासरावांना स्टेशनजवळच्या भाजीवाल्यापाशी भेटलं आणि सगळ्यांदेखत म्हणालं, "तुमच्यासाठी प्रार्थना झाली हो! तुम्ही थंड पडलात म्हणे."

ही बातमी बाईंच्या कानावर आली तशा त्या मला सोबत घेऊन थेट ठाकुर्लीला गेल्या. दार विलासरावांनी उघडलं. आत या म्हणाले नाहीत.

"बाई, कंपनी बंद पडलीय माझी," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "रविवारी आलो की जो तो विचारतो, काय, कामाचं कसं चाललंय? काय सांगू मी? म्हणून येत नव्हतो. आणि तुम्ही देवाला सांगायला बसलात ना? मग देवालाच सांगायचं होतं. सगळ्या मंडळीला कशाला?"

बाईंनी हात जोडले आणि त्या जिना उतरल्या. खाली आल्यावर त्यांना रडू कोसळलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्या सभेत उभ्या राहिल्या. "मागच्या खेपेला मी प्रार्थना केली नाही," त्या म्हणाल्या, "चहाडी केली. आणि ती देवाला मध्ये घालून केली. दुसऱ्यांना उठवता उठवता मीच डाराडूर झोपले होते. आज तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा." साठी उलटलेल्या, सगळ्यांना वंद्य असलेल्या बाईंसाठी प्रार्थना करायची कोणी?

त्यानंतर बाईंनी आपली रीतच बदलली. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या दारी आधी जायचं आणि तुझ्यासाठी काय मागू, हे त्यालाच विचारायचं. "दवाखान्यात पेशंट झोपला म्हणून आम्ही कधी त्याच्यावर करवादलो नाही," त्या मला म्हणाल्या. "उलट, तो झोपलाय म्हणून तर आम्ही जाग्या. मंडळीत आले आणि हेच कसं गं विसरले?"

विलासरावांकडे त्या दर बुधवारी जाऊ लागल्या. बाई वर आल्या की विलासराव चपला घालून बाहेर पडत. बाई मीनाताईंबरोबर मेथी निवडत बसत, इकडचंतिकडचं बोलत आणि उठून येत. प्रार्थनेचा शब्द काढत नसत. मला त्या माणसाचा राग येई. मी तसं बोलून दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "अगं, जातोय तो चपला घालून. दार तर लावत नाही ना माझ्या तोंडावर?"

असे कितीतरी बुधवार गेले. एकदा आम्ही गेलो तेव्हा विलासराव उठले, पण चपलांपाशी जाऊन परत फिरले आणि खाटेच्या कडेवर टेकले. म्हणाले, "बाई, करा प्रार्थना. पण माझं नाव मोठ्याने घेऊ नका."

"मी नाही करत," बाई म्हणाल्या. "तूच कर. माझ्यासाठी कर. मला फार गरज आहे रे."

ते गोंधळले. मीनाताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, या बाईंचे गुडघे दुखतात. तरी आमचे जिने चढतात. त्यांना सांभाळ." बाई पदरात तोंड लपवून हुंदके देत होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळेच.

विलासरावांना पुढे कल्याणला काम मिळालं, पण ते रविवारी येऊ लागले ते त्याच्या आधीच, रिकाम्या हातांनी. हॉलमध्ये बाईंच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा कोणी काही विचारलं नाही. तेवढं शहाणपण तोवर आम्हालाही आलं होतं.

सुमतीबाई, प्रभू तुम्हाला शंभरी दाखवो, गुडघ्यांना बळ देवो, डोळ्यांचा प्रकाश तसाच ठेवो. यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आमच्यातलं कोणीतरी येत्या रविवारी नक्कीच दांडी मारणार आहे. बुधवारी त्याच्या दारात कोणीतरी यायला हवं, आणि ते तुम्हीच यावं, अशी आम्हा सगळ्यांची फार इच्छा आहे.