नववी चिप

भूमच्या एका सहकारी दूध संघात मी कॉम्प्युटरवर कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. जनावरं छावणीला गेली, दूध निम्म्यावर आलं, आणि बैठकीत नव्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की सगळे संचालक छताकडं बघायचे. आमचा कॉम्प्युटर मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेला. पाच गावांची दुधाची बिलं पोटात घेतली की बसला रुसून! मग फ्लॉपी काढा, दुसरी घाला, परत पहिली घाला. मी वैतागून म्हणायचे, ह्याच्यापेक्षा माझी अम्मी बोटांवर लवकर हिशेब करती. शेवटी ठरलं, नवा न्हाय तर न्हाय, ह्याचीच मेमरी वाढवायची आणि आत हार्ड डिस्क बसवायची.

पुण्याहून इंजिनिअर आला. हार्ड डिस्क बिनबोभाट बसली. मेमरीच्या चिपा मात्र नाजूक. काळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, दोन्ही अंगांना बारीक पाय. एका ओळीत नऊ बसवायच्या. आठ बसल्या आणि नवव्या चिपेचा एक पाय त्याच्या अंगठ्याखाली दुमडला. जास्तीची चिप त्यानं आणलेली नव्हती. तो म्हणाला, "ओळीतली एक जरी नसली तरी बाकीच्या आठ फुकट. दुसरी मागवायची तर महिना जाईल." बारीक चिमट्यानं कुणी पाय सरळ केला तर काम होण्यासारखं होतं, पण त्याचा स्वतःचा धीर होईना.

"अहो, हिचे वडील घड्याळजी हायेत की!" आमचा शिपाई म्हणाला, आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

पण मला वेगळंच ठाऊक होतं. वर्षभरापासून अब्बांचा उजवा हात कापत होता. घरात कुणी त्याचं नाव काढायचं न्हाय. अम्मी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची, बस्स. सेलची घड्याळं आल्यापासून दुकानात तसंही क्वचितच कुणी फिरकायचं, त्यामुळं बाहेर कुणाला पत्ता नव्हता. एरवी गावात त्यांचं मोठं नाव. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावरल्या मुकादमाचं घड्याळ मागं पडायचं आणि बायांना उन्हात जादा राबावं लागायचं. त्या बाया घोळक्यानं अब्बांच्या दुकानी आल्या होत्या, "चाचा, त्या मेल्याचं घड्याळ नीट करा!"

मी म्हटलं, चिप घरी घेऊन जाते. घरी घड्याळं उघडायची त्यांची बैठी पेटी होती, कोपर टेकायला जागा होती, बघायला कुणी नव्हतं. चिप कागदात गुंडाळून मी दुपारी घरी गेले. अब्बांनी ती भिंगातून न्याहाळली आणि परत कागदात ठेवली.

"गिऱ्हाईकाची चीज त्याच्या नजरेआड हाताळायची न्हाय," ते म्हणाले.

हा त्यांच्या उस्तादाचा नियम. घड्याळातले माणकाचे खडे बदलले असा आळ येऊ नये म्हणून घड्याळ मालकाच्या समोरच उघडायचं.

"अवो अब्बा, हिच्यात कसले आलेत खडे?"

"अमानत म्हंजी अमानत. चल."

त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, हत्यारांची डबी घेतली. किती दिवसांनी त्यांना असं ताठ चालताना बघत होते! त्यांना अडवावं असं सारखं वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं अडवणार?

हापिसात त्यांनी आधी मॅनेजर साहेबांना समोर खुर्चीवर बसवलं. "मालक तुमी. बघत ऱ्हावा." मग सगळंच हापिस भोवती गोळा झालं. अब्बांनी डोळ्याला भिंग लावलं, बिस्मिल्ला म्हणाले आणि चिमटा टेकवला. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलेलं होतं. पाय हळूहळू उठला. निम्मा सरळ झाला. "वा चाचा!" कुणीतरी म्हणालं. अब्बा हसले, डावा हात सुटला, आणि चिमटा थरथरला. पाय तुटून टेबलावर पडला.

भोवतीची माणसं मागं सरकली. मग मॅनेजर साहेबच म्हणाले, "असू द्या चाचा. मालच कच्चा असंल. आजकाल समदं तसलंच येतंय."

भला माणूस होता तो. पण अब्बांनी भिंग काढलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "माल चांगला होता साहेब. माझा हात गेलाय." एवढं बोलून त्यांनी हत्यारं एकेक करून डबीत भरली. चिमटा दोनदा हातातून सुटला. माझा जीव तुटत होता, पण पुढं होऊन उचलून द्यायची हिंमत झाली न्हाय.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "बेटा, तुला ठावं होतं?"

"व्हय अब्बा."

"अम्मीला?"

"अम्मीला आधीपासून."

"म्हंजी मीच तेवढा लपवीत होतो," ते म्हणाले, आणि झपाझप पुढं निघाले. मी पदरानं डोळे पुसत मागनं चालत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात पडलेली घड्याळं ज्याची त्याला परत केली आणि कुलूप लावलं. महिन्यानं नवी चिप आली. चालू करताना पडद्यावर मेमरीचा आकडा भराभर चढत गेला, सगळ्या गावांची बिलं एका दमात निघाली, आणि साहेबांनी पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा मी अब्बांसाठी घरी आणला. ते ओसरीवर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"अब्बा, कॉम्प्युटर झाला. तोंड गोड करा."

त्यांनी हात बाहेर काढला न्हाय. माझ्याकडं बघितलं आणि लेकरासारखं तोंड उघडलं.