चारच्या पुढे नको

काकांच्या रायफलवरच्या स्कोपला एक गोल कडं होतं. ते फिरवलं की समोरचं तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसायचं. काकांनी ते चारवर आणून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकली होती. पट्टी जुनी झाली की काढायचे आणि नवी लावायचे, पण कडं हलू द्यायचे नाहीत. कुणी हात लावलाच तर म्हणायचे, "चारच्या पुढे नको. लांबचं हरीण जवळ दिसलं म्हणून जवळ येत नाही. आपल्याला जवळ जावं लागते."

काका मूळचे वडशाचे. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात, युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. शिकवायचे फार कंटाळवाणं, हे ते स्वतःच सांगत. त्यांची बायको, कॅरल काकू, तिथल्याच डोंगराळ भागातल्या. शिकार ही त्यांच्या घरची गोष्ट. सासऱ्यांनी काकांना रायफल धरायला शिकवली आणि मरताना तीच रायफल त्यांना दिली. आम्ही मराठी विद्यार्थी एकेका खोलीत दोघं-तिघं राहायचो आणि आठवडाभर डाळ-भात खायचो. दर रविवारी काका त्यांच्या जुन्या गाडीत कोंबून आम्हाला घरी न्यायचे. तिथे हरणाच्या मटणाचा लालभडक, डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा असायचा. मसाला ते स्वतः भाजायचे आणि खोकत खोकत कॅरल काकू घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, बाहेर बर्फ असलं तरी.

मी सांगलीची. पहिल्या रविवारी आईला फोनवर म्हटलं, मटण खाल्लं. आई म्हणाली, "कसलं?" मी सांगितलं. मग म्हणाली, "शिजलं होतं ना नीट?"

दुसऱ्या वर्षी मी काकांना म्हटलं, मला यायचंय तुमच्याबरोबर. त्यांनी आधी मला शिकारीच्या कोर्सला बसवलं, लायसन्स काढायला लावलं, व्हिसावर चालतं ना ते स्वतः वकिलाला विचारून घेतलं. कॅरल काकूंनी त्यांच्या तरुणपणीची रायफल दिली. तिच्यावर स्कोप नव्हता, म्हणून आम्ही दुकानात गेलो. मला काचेखालचा सगळ्यात मोठा आवडला, सोळापटीचा. काका म्हणाले, "हा काहून? चंद्र पाहायचा आहे का?"

मग त्यांनी तो दुकानदाराकडून मागून घेतला आणि मला दारात उभं केलं. पार्किंगच्या टोकाला एक रिकामी ट्रॉली पडली होती. "ती शोध. आणि माणसांकडे वळवायचा नाही, नुसता स्कोप असला तरी नाही."

मी सोळावर ठेवून शोधायला लागले. कधी टायर दिसे, कधी डांबर, कधी नुसतं आभाळ. ट्रॉली काही सापडेना. हात इतका हलत होता की गाडीत बसून बघतेय असं वाटत होतं. मग काकांनी कडं फिरवून कमी केलं. डोळा लावला आणि ट्रॉली समोर. तिच्यामागचं कुंपण, कुंपणामागचा रस्ता, सगळंच.

"आपल्या रानात हरीण दिसते साठ-सत्तर पावलांवर," काका म्हणाले. "झाडीत. अर्ध्या उजेडात. जितकं मोठं करशील तितका उजेड कमी होते, आणि दिसते फक्त एक तपकिरी तुकडा. तो हरणाचा आहे की बुंध्याचा, हेच समजत नाही." दोनपासून सातपटीपर्यंत जाणारा एक साधा स्कोप त्यांनी निवडला. सोळापटीवाला परत ठेवताना मी वळून पाहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं. "मोठ्या मैदानात, लांबून मारणाऱ्यांसाठी तो बरा आहे. वाईट नाही. आपला नाही, एवढंच."

काकांचे वडील फॉरेस्ट गार्ड होते. चोरून शिकार करणाऱ्यांना पकडण्यात त्यांची उमर गेली, आणि मुलगा इकडे येऊन हरणं मारायला लागला. काकांनी बरीच वर्षं ते घरी सांगितलं नव्हतं. शेवटी एकदा फोनवर सांगितलं. इथे हरणं फार झाली आहेत, गाड्यांखाली येतात, थंडीत उपाशी मरतात, सरकारच परवाना देतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका गोळीत पडते का?"

"हो, बाबा."

"अन् नाही पडलं तर?"

काका मला म्हणाले, "याचं उत्तर मला देताच आलं नाही." वडील गेले तरी तो प्रश्न त्यांच्याजवळ राहिला होता. जरा शंका आली की ते चापावरचं बोट काढून घ्यायचे. त्यामुळे कित्येक हंगाम ते रिकाम्या हाताने परत यायचे आणि कॅरल काकू म्हणायच्या, "माझ्या वडिलांनी अशा माणसाला जावई करून घेतलाच कसा!"

माझ्या पहिल्या हंगामात, थँक्सगिव्हिंगनंतरच्या थंडीत, आम्ही नारिंगी जाकिटं घालून एका ओढ्याशी बसलो होतो. मोठा नर समोर आला. मी हळूच कडं सातवर नेलं होतं, काकांना न दिसता. काचेतली नेमाची फुली बरोबर त्याच्या खांद्यामागे होती. एवढ्यात काकांचा हात माझ्या दंडावर आला. "मागे," ते कुजबुजले. मी कडं कमी केलं. नराच्या पाठीमागे, त्याच्या पोटाच्या रेषेत, एक मादी उभी होती. गोळी आरपार गेली असती तर तिलाही लागली असती, आणि सातवर ती मला दिसलीच नव्हती. दोघंही निघून गेले. काका रागावले नाहीत. थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हणाले, "आता तुला समजलं. मला सांगायचं काम नाही."

मी शिकून पिट्सबर्गला नोकरीला लागले, तरी दर हंगामात जायची. मग काका निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालून गेलेले आम्ही सगळे जमलो आणि भेट म्हणून एक स्कोप आणला. चांगल्यातला चांगला, अठरापटीपर्यंत जाणारा. मी म्हटलं होतं की काकांना हा नको असेल. बाकीचे म्हणाले, असू दे गं, घरामागच्या लाकडी डेकवरून पक्षी बघतील. काका खूप हसले. मग आमचं मन राखायला म्हणून त्यांनी स्वतःच सासऱ्यांची रायफल आणली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि आमच्यातल्या एकाला जुना स्कोप काढून हा तिच्यावर चढवू दिला. डेकवरच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून रायफल त्यावर टेकवली. समोरच्या टेकडीवर एक वाळकं झाड होतं. आम्ही एकेकाने पाहिलं. अठरावर त्या झाडाच्या बुंध्यातली गाठ अगदी हाताशी आल्यासारखी दिसत होती आणि फुली तिच्यावर खिळल्यासारखी स्थिर होती.

शेवटी काका बसले. डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. आम्हाला वाटलं, आवडला. मग त्यांनी मान वर केली, रायफलच्या मुठीवर टेकलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो हात खिशात घातला. "छान आहे," म्हणाले. "फारच छान." कॅरल काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी कप हातात घेतला नाही. टेबलावर ठेव म्हणाले.

दोनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. पार्किन्सन. हात थोडा थरथरतो हे त्या दोघांनाही माहीत होतं, पण वय झालं, कॉफी जास्त होते, असं ते एकमेकांना सांगत होते. मग काका फोनवर आले. "चारवर दिसत नव्हतं गं," ते म्हणाले. "अठरावर दिसलं. फुली त्या गाठीवरून इकडून तिकडे, इकडून तिकडे. तुम्ही गेल्यावर मी परत पाहिलं, वाटलं टेबल हलत असेल." मी म्हटलं, आम्ही तो आणायलाच नको होता. ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको पोरी. चांगली वस्तू आहे. खरं दाखवते."

डॉक्टर म्हणाले, औषधाने बरंच सावरेल, हाताला आधार दिला तर शिकारही करता येईल. काकांनी रायफल कपाटात ठेवली ती पुन्हा काढली नाही. मी एकदा आग्रह केला. "टेकून मारा ना काका. मी असेन बाजूला." ते म्हणाले, "नाही पडलं तर?" आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून चेष्टेत म्हणाले, "तुलाच ते हरीण शोधत फिरावं लागेल रानभर."

थंडीत त्यांचं अंग फार आखडायला लागलं, तेव्हा दोघं टेक्सासला कॅरल काकूंच्या भावाच्या शेतावर राहायला गेले. तिथे हरणांपेक्षा रानडुकरांचा त्रास मोठा. एका रात्रीत सगळं कुरण नांगरल्यासारखं करून टाकायची. काकांनी मला फोन केला. आवाज अगदी बारीक झाला होता, आजाराने. "ये. अन् स्कोप दोनवर ठेव. हरीण थांबते, डुक्कर थांबत नाही. एकावरच डोळा लावून बसलीस तर बाकीची कुठे गेली ते समजायचं नाही."

मी गेले. संध्याकाळी काकूंनी पिकअप गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात खुर्ची टाकून काकांना शाल गुंडाळून बसवलं, मी शेजारी. दिवसभर त्यांचं बोलणं मला पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं आणि त्याचा त्यांना त्रास होत होता. पण तिथे बसल्यावर आम्ही दोघंही कुजबुजत होतो. रानात सगळेच तसे बोलतात. तो तासभर काका मला आजारी वाटलेच नाहीत. "वारा आपल्याकडे आहे, चांगलं आहे." "ते पुढचं लहान आहे, जाऊ दे." "आता. ते मोठं आडवं झालं." मी गोळी झाडली. डुक्कर जागीच पडलं, बाकीची झुडपांत पळाली.

काकांना जवळ जाऊन बघायचं होतं. मी आधार देऊन उतरवलं. अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय थांबले, जमिनीला चिकटल्यासारखे. पुढे जायचंय, अंग पुढे झुकलेलं, आणि पाऊल उचलत नाही. मी घाबरले. काका म्हणाले, "काठी टाक पुढे. आडवी." मी रायफल टेकवायची माझी काठी त्यांच्या पायांपुढे आडवी टाकली. ती ओलांडायची म्हणून पाय उचलला गेला. मग काठी उचलायची, पुन्हा पुढे टाकायची. असं करत आम्ही पोहोचलो तेव्हा अंधारच झाला होता. काकांनी वाकून डुकराच्या अंगावर हात ठेवला. हात थरथरत होता. मग म्हणाले, "चांगलं केलंस." मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. कशाने ते मी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात आजार डोक्यापर्यंत पोहोचला आणि ते इंग्रजी विसरत गेले. आधी शब्द अडायचे, मग फक्त मराठी उरली. कॅरल काकूंना इतक्या वर्षांत चार-दोन शब्दांपलीकडे मराठी आली नव्हती. घरात कधी गरजच पडली नव्हती. मग त्या मला फोन करायच्या, स्पीकरवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "तो काय म्हणतोय?" मी सांगायची. पाणी पाहिजे म्हणतात. पाठीला उशी द्या म्हणतात. त्यांच्या बहिणीचं नाव घेताहेत. कधी ते वडशाच्या कुणाशी बोलत असायचे, तेही मी सांगायची.

एका दुपारी मी ऑफिसात असताना फोन आला. काकूंचा आवाज थकलेला होता. "तो मघापासून एकच काहीतरी म्हणतोय. माझ्याकडे बघून म्हणतोय. आणि मला कळत नाहीये."

त्यांनी फोन काकांच्या तोंडाशी नेला. मी मीटिंगमधून उठून जिन्यात गेले आणि कान देऊन ऐकलं. अगदी बारीक आवाजात काका म्हणत होते, "हिला विचार, जेवली का."

मी काकूंना सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "नाही. काल रात्रीपासून नाही." आणि लगेच, घाईघाईने, "त्याला हो म्हणून सांग."

मी म्हटलं, "हो काका. जेवली."

"मग ठीक," काका म्हणाले.

त्यानंतर काकूंचा फोन आला तो पहाटे आला, आणि त्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.