तिसऱ्या वहीतली चार पानं

मी आमच्या वळ गावाहून निघालो त्या सकाळी आई स्टँडवर आली नाही. शेजारी पाच दिवसांचं बाळ होतं आणि त्याला न्हाऊ घालायची तिची वेळ झाली होती. आमच्या बौद्धवाडीत कुणाकडेही मूल झालं की पहिला दीड महिना आईच जायची. पाय लांब करून बसायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची, आणि रडून लाल झालेलं ते पोर तिच्या हाताखाली हळूहळू गप्प व्हायचं. ओल्या हातांनीच ती शेजारच्या दारात आली, "पोचलास का फोन कर," म्हणाली आणि आत गेली.

भिवंडीच्या एसटी स्टँडपर्यंत बाबा आले. पुण्याची गाडी लागली तेव्हा त्यांनी सुतळीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "मोठ्या दुकानात चाललास. पन ध्यानात ठेव, आपन वाचल्याबिगर दुसऱ्याच्या हातात द्याचं न्हाय."

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. वाडीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितोय, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. तुम्हाला अर्धं माहीत आहे. उरलेलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात लूमवर होते. बारा तासांची ड्युटी, सातवीपर्यंतचं शिक्षण. पण दर जयंतीला मैदानाच्या कडेला प्लास्टिक अंथरून पुस्तकं विकायला बसायचे. माणसांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेली पुस्तकं त्यांना विशेष प्रिय. कारखान्यातल्या भय्या लोकांसाठी थोडी हिंदीही ठेवायचे. एकदा एकानं विचारलं, "चाचा, इसमें फोटू है क्या?" बाबा म्हणाले, "फोटू नहीं, तेरीच स्टोरी है. ले जा, पढ़के बता." पुढच्या वर्षी तो खरंच सांगायला आला, आणि बाबा त्याच्याशी तासभर भांडले, कारण त्याला शेवट पटला नव्हता.

पुण्याच्या दुकानात काच होती, एसी होता, कोपऱ्यात कॉफी होती. दहा वर्षांत मी आत्मकथनं, चरित्रं, प्रवासवर्णनं या सगळ्या विभागाचा माणूस झालो. आमच्याकडे पुस्तकाखाली हातानं लिहिलेलं छोटं कार्ड लावायची पद्धत आहे: 'आमची निवड', आणि खाली तीन ओळी. माझी कार्डं चालायची. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला काय द्यायचं ते मला कळायचं. एक बाई नेहमी यायच्या. "फार छान सुचवता हो तुम्ही. मागचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तसंच आणखी एक द्या ना." मी द्यायचो. त्या पुस्तकांतली झोपडी, ते पाणी, ती शाळेची पायरी आमच्या घरापासून फार लांब नसायची, हे मी कधी बोललो नाही. कुणी मूळ गाव विचारलं तर म्हणायचो, ठाण्याकडचा. ठाणं केवढं मोठं आहे, त्यात माणूस सहज लपतो.

रिटायर झाल्यावर बाबांनी स्वतःचं लिहायला घेतलं. दोन फुलस्केप वह्या भरून माझ्याकडे पाठवल्या. मी वाचल्या. त्यात खाडीतली मासळी होती, पहिल्यांदा एकट्यानं चार लूम चालवले तो दिवस होता, उर्दू अक्षरं शिकवणारा जोडीदार होता, आई नुसत्या आवाजावरून धागा कुठे तुटला ते कशी सांगायची ते होतं. जागोजागी हसू आलं मला. मग मी त्यांना फोन केला आणि कुठल्याही नवख्या लेखकाला सांगतो तेच सांगितलं.

"बाबा, चांगलं आहे. पण यात काही घडत नाही."

"घडत न्हाय म्हंजे? पन्नास वर्सं घडलीत की!"

"तसं नाही. लोकांना खरं दुःख लागतं. तुम्ही काहीतरी दाबलंय, वाचताना जाणवतं ते."

 "तू त्यातला जाणकार," म्हणाले, आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांनी तिसरी वही आली. शाळेची, पातळ. त्यात चारच पानं लिहिलेली. काउंटरच्या मागे उभं राहून मी ती वाचली.

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि ती तापानं गेली, एवढंच मला घरात सांगितलेलं होतं. तिचं नाव सुजाता, हे मला त्या वहीतून कळलं. आठ महिन्यांची होती. आई तेव्हा कारखान्यात कांड्या भरायची, धाग्याच्या. पोर झोपून राहावं म्हणून बाया अफूची बारीक गोळी चाटवायच्या, सगळ्याच. त्या दिवशी काम जास्त होतं. आईनं गोळी थोडी मोठी दिली. संध्याकाळी कोपऱ्यातल्या झोळीतून पोरीला उचलायला गेली, तर ती उठलीच नाही. नवराबायकोनं ठरवलं, ताप सांगायचा. त्यानंतर आई दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालू लागली, असं बाबांनी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. त्यावर एक शब्दही भाष्य नव्हतं.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. ती चार पानं वाचून माझ्या मनात पहिल्यांदा बहीण आली नाही. आई आली नाही. मनात आलं: हे चालेल.

बाबांनी फोनवर विचारलं, "तुझ्या आईला आदी वाचून दाखवू का?" आईला वाचता येत नाही. मी म्हणालो, "छापून आल्यावर दाखवा, एकदम पुस्तकच हातात द्या." आधी दाखवलं असतं तर ती नको म्हणाली असती आणि ती पानं गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबांना वाटलं, मुलगा या धंद्यातला आहे, म्हणतोय त्यात काही असेल.

ओळखीच्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. ती चार पानं नववं प्रकरण झाली. कार्ड मी लिहिलं: 'एका बापानं आयुष्यभर लपवलेलं सत्य. नववं प्रकरण एकट्यानं वाचा.' लेखक माझे वडील आहेत हे दुकानात कुणाला सांगितलं नाही. त्या नेहमीच्या बाई दुसऱ्या आठवड्यात परत आल्या आणि मैत्रिणींसाठी आणखी प्रती घेऊन गेल्या.

बाबांना छापलेलं पुस्तक आईला वाचून दाखवायचा धीर झाला नाही. वर्षभरात ते गेले. पुस्तक घरातल्या फोटोंपाशी ठेवलं होतं. आई रोज पदरानं पुसायची, आलेल्या-गेलेल्याला हातात द्यायची. "आमच्या यांनी लिवलंय. बग, शेवटी फोटू पन हाय त्यांचा."

पुढच्या पावसाळ्यात वर्षावासात विहारात रोजचं ग्रंथवाचन झालं की बाबांच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं, असं कमिटीनं ठरवलं. त्यांना मान म्हणून. मला फोन आला तेव्हा मी "वा, छान" म्हणालो. एक प्रकरण गाळा, एवढंच बोलायचं होतं. पण का, असं विचारलं असतं, आणि मग मला सगळंच माहीत होतं हे कबूल करावं लागलं असतं. आधी आठ जणांनी आठ प्रकरणं वाचली होती. नवव्या दिवशी मुलगा म्हणून मला बोलावलं. मी गेलो. पुरुषांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलो. आई पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत होती, मांडीवर कुणाचंतरी वर्षाचं पोर. वाचायला बारावीतली एक मुलगी होती, आवाज स्वच्छ, घाई अजिबात नाही. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

झोळीचा उल्लेख आला तेव्हा आईचा हात पोराच्या पाठीवर थांबला. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. वाचणाऱ्या मुलीलाही पुढे काय आहे ते ठाऊक नसावं. तरी तिनं पूर्ण केलं. मी एका वाक्यात थांबवू शकलो असतो. अजून चार ओळी होत्या तेव्हाही, अजून दोन होत्या तेव्हाही. आई उठली नाही. शेवटची गाथा तिनं सगळ्यांबरोबर म्हटली. पोराची आई आली आणि तिनं पोर उचलून घेतलं. एरवीही उचललं असतंच. पण आईनं तिच्याकडे वर पाहिलं ते मी विसरू शकत नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "तुला इकायला घरात दुसरं कायच न्हाय गावलं?"

"आई, ते बाबांनी..."

"त्यांनी लिवलं. लिवायला कुनी लावलं?"

तिला ते कसं कळलं, मला माहीत नाही. कदाचित बाबा कधीतरी बोलले असतील. 

वाडीत कुणी तिला वाईट बोललं नाही. उलट बायका भाजीचे डबे घेऊन येऊन बसायच्या. "त्या टायमाला सगल्याच देत होत्या गं, तुझं काय चुकलं?" म्हणायच्या. पण श्रावणात दोन घरं सोडून बाळ झालं आणि न्हाऊ घालायला मानकोलीहून दुसरी बाई येऊ लागली. आई तीन दिवस दारात बसून राहिली. चौथ्या दिवशी घराला कुलूप लावून पडघ्याला तिच्या भाचीकडे, सुनंदाकडे राहायला गेली. वाडीतून बाहेर पडायची हौस मला होती, तिला कधीच नव्हती. सत्तरीला आलेल्या बाईला मी गाव सोडायला लावलं.

ते कार्ड मी काढून फाडलं, दुकानातल्या प्रती परत पाठवल्या. पण बाकीच्या दुकानांत पुस्तक आहेच. आमच्याकडेही लोक विचारत येतात, "ते अफूचं आहे ना, ते?" मी संपलंय म्हणतो.

महिन्यातून एका रविवारी पडघ्याला जातो. हायवेवर उतरतो, बाजारातून भाजी घेतो. आई चहा करते, सुनंदाच्या पोरांच्या तक्रारी सांगते, गुडघ्याचं सांगते. मी माफी मागायला तोंड उघडलं की उठून पाणी भरायला जाते. मागच्या खेपेला शेजारची नवी भाडेकरीण दारात टेकली. गप्पा मारता मारता तिनं विचारलं, "मावशी, तुला पोरं किती गं?"

"एकच," आई म्हणाली. "पोरगी व्हती. सुजाता."

मी कप हातात घेऊन बसलो होतो. बाई माझ्याकडे बघून हसली. "न मंग हे कोन?"

"हे पुन्याचे. पुस्तकं इकतात."

"असं व्हय? मंग आमाला पन द्या की एकादं चांगलंसं."

वीस-पंचवीस वर्षं मी याच प्रश्नाचं उत्तर देऊन पोट भरलं. त्या बाईला काय द्यावं ते मला सुचलं नाही. पुढच्या वेळी आणतो, म्हणालो. आईनं माझा कप उचलला, विसळला आणि मला आणखी चहा ओतून दिला.

वळचं घर बंद आहे, किल्ली आईकडे आहे, ती मी मागितलेली नाही. पडघ्याला मात्र मी दार वाजवलं की तीच उठून उघडते, अजून तरी. तेवढंच घर मला उरलंय.